संगणकातील ‘रेड’ : दोन डिस्क लावल्या म्हणजे हिशोब वाचला असे समजू नका

व्यापाऱ्याच्या कानावर ‘रेड’ हा शब्द पडला की त्याला पहिल्याने आयकर खात्याची गाडी आठवते. परंतु या लेखाचा विषय ती रेड नव्हे. संगणकाच्या दुनियेत याच उच्चाराचा एक शब्द आहे. आर, ए, आय, डी या चार इंग्रजी अक्षरांचा तो बनलेला आहे आणि हल्ली कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारात तो ऐकू येऊ लागला आहे. कॉम्प्युटर जोडून देणारा मुलगा दुकानदाराला सांगतो, "चाचा, रेड करून देतो. दोन डिस्क टाकू. एक गेली तरी दुसरी आहे. मग हिशोब कधीच जाणार नाही." चाचा जादा डिस्कचे पैसे मोजतात आणि त्या दिवसापासून निर्धास्त होतात. त्या मुलाच्या बोलण्यातील "एक गेली तरी दुसरी आहे" हे खरे आहे. "हिशोब कधीच जाणार नाही" हे खरे नाही. या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात एखाद्या दुकानाची सगळी उधारी बुडू शकते. म्हणून हा विषय दुकानदार बांधवांनी नीट समजून घेणे जरूर आहे.

आपल्या दुकानातील संगणकात असते तरी काय? टॅलीमधील खाती, मालाचा साठा, जीएसटीची बिले, वर्षअखेरीस जकातीचा हिशोब काढण्यासाठी लागणारे आकडे आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे उधारीची यादी. आपल्या भागात गिऱ्हाईक काजू-आंब्याचे पैसे आल्यावर देतो, मच्छीमार पावसाळा संपून होड्या पाण्यात गेल्यावर देतो. ही उधारी तोंडी शब्दावर आणि दुकानदाराच्या नोंदीवर चालते. नोंद गेली तर मागायचे कोणत्या तोंडाने? कारागीर मंडळींचेही तेच. संगणकावर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनची डिझाइने, फ्लेक्सवाल्यांच्या फाइली, लग्नाचे फोटो काढणाऱ्याने अजून गिऱ्हाइकाला न दिलेला अल्बम, हे सारे एका डबीएवढ्या डिस्कमध्ये असते.

शिवाय कायदा आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे, त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून पुढे ७२ महिने हिशोब जपून ठेवावा लागतो. म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये फाडलेल्या बिलाचे वर्ष मार्च २०२४ ला संपले, विवरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२४, आणि त्यापुढे ७२ महिने म्हणजे ३१ डिसेंबर २०३०. एक बिल पावणेआठ वर्षे सांभाळायचे. साध्या हार्ड डिस्कची वॉरंटी दोन-तीन वर्षांची असते, हे येथे लक्षात घ्यावे. जीएसटीच्या नियम ५७ मध्ये तर स्पष्टच म्हटले आहे की, हिशोब संगणकावर ठेवणाऱ्याने त्याचा बॅकअप अशा रीतीने ठेवावा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात त्या परत उभ्या करता याव्यात. ‘नैसर्गिक कारण’ हे शब्द कोकणातील माणसाने दोनदा वाचावेत.

कापडाच्या भाषेत

रेड ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध केला, त्यातून हे नाव रूढ झाले. त्या काळी मोठ्या कंपन्यांत कपाटाएवढ्या, अतिशय महागड्या डिस्क असत. या तिघांचे म्हणणे असे की, एक महाग डिस्क घेण्यापेक्षा घरगुती संगणकात बसतात त्या अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडल्या तर काम जलद होईल आणि खर्चही वाचेल. परंतु त्यांनी स्वतःच त्यातील धोका मांडला. एक स्वस्त डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर १०० डिस्कच्या गटात कोणती तरी एक डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्याही आत बंद पडणार. हा साधा भागाकार आहे. शंभर नोकर ठेवले की रोज कोणी ना कोणी आजारी असतोच, तसे. म्हणून डिस्क जोडताना त्यांत काही तरी जादा, राखीव असे लिहून ठेवले पाहिजे, हा त्या निबंधाचा गाभा. नावातील ‘आय’ हे अक्षर त्यांनी ‘स्वस्त’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दासाठी घेतले होते. पुढे डिस्क विकणाऱ्यांनी त्याचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा करून टाकला. महाग माल ‘स्वस्त’ या नावाने विकणे कोणाला परवडते!

रेडचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांना आकड्यांची नावे आहेत. आपल्या कामाचे दोन-तीनच.

पहिला ‘शून्य’. कापडाचा एक तागा घ्या. त्यातील पहिला मीटर डाव्या कपाटात, दुसरा उजव्या कपाटात, तिसरा पुन्हा डाव्या, असे तुकडे करून ठेवा. दोन नोकर दोन्ही कपाटांतून एकाच वेळी माल काढू लागले तर काम जवळजवळ निम्म्या वेळात होईल. पण एका कपाटाला आग लागली तर? उरलेल्या कपाटात एक-एक मीटरचे तुकडे राहतील, त्यांचा सदरा शिवता येणार नाही. रेड शून्यमध्ये प्रत्येक फाइलचे असेच पट्टे केले जातात. दोहोंपैकी एक डिस्क गेली की सगळे गेले. म्हणजे एका डिस्कपेक्षाही धोका अधिक. खेळ खेळणाऱ्या मुलांनी किंवा व्हिडिओ जोडणाऱ्यांनी तात्पुरत्या कामासाठी हा प्रकार वापरावा, हिशोबाच्या संगणकात त्याला जागा नाही. येथे एक सावधगिरी सांगतो. काही ठिकाणी दोन डिस्क जोडून ‘शून्य’ करून देतात, कारण त्यात जागा दुप्पट दिसते, आणि गिऱ्हाईक खूश होतो. एक टीबीच्या दोन डिस्क घातल्या असतील आणि संगणकात सुमारे १,८६० जीबीचा एकच कप्पा दिसत असेल, तर तुमचा हिशोब तुकड्या-तुकड्यांत ठेवला आहे असे बेलाशक समजा. सुमारे ९३० जीबी दिसत असेल तर तो दुसरा प्रकार आहे.

तो दुसरा प्रकार म्हणजे ‘एक’, ज्याला आरसा म्हणतात. आपले पावती पुस्तक आठवा. वर पांढरा कागद, मध्ये कार्बन, खाली पिवळा कागद. वर लिहिले की त्याच क्षणी खाली उमटते. रेड एकमध्ये संगणक प्रत्येक अक्षर दोन्ही डिस्कवर एकाच वेळी लिहितो. एक डिस्क बंद पडली तर दुसरीवर काम अखंड चालू राहते. जागा मात्र एकाच डिस्कएवढी मिळते, आणि दोन डिस्क लहान-मोठ्या असतील तर लहान डिस्कएवढीच.

तिसरा ‘पाच’. त्याला किमान तीन डिस्क लागतात. समजा एका चोपडीत ७ लिहिले, दुसऱ्या चोपडीत ५ आणि तिसरीत फक्त बेरीज १२. पहिली चोपडी हरवली तरी १२ मधून ५ वजा करून ७ मिळतात. संगणक बेरजेऐवजी सम-विषमाचे गणित करतो, पण युक्ती हीच. छोट्या दुकानाला याची जरूर नाही. ‘दहा’ म्हणजे एक आणि शून्य यांचा मेळ, त्याला किमान चार डिस्क लागतात. तोही सोडून द्या.

मदरबोर्डावरील रेड

बँका आणि मोठ्या कंपन्यांत रेडचे काम करण्यासाठी वेगळे महाग कार्ड असते. त्यावर स्वतःचा मेंदू, स्वतःची स्मृती आणि वीज गेली तर अर्धवट राहिलेले लिखाण जपण्यासाठी बॅटरी किंवा तशीच दुसरी सोय असते. घरगुती संगणकाच्या मदरबोर्डावर जी रेड मिळते ती ही नव्हे. तिथे बोर्डावरील बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना पहिल्याने जागा होतो त्या लहानशा प्रोग्राममध्ये, एक सोय असते, आणि विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर असतो. खरे काम संगणकाचा मुख्य प्रोसेसरच करतो. जाणकार मंडळी तिला चेष्टेने ‘नकली रेड’ म्हणतात. मला हे नाव अन्यायाचे वाटते. आरसा करण्याइतके काम ती व्यवस्थित करते. फक्त तिच्याकडून बँकेच्या कार्डाची अपेक्षा ठेवू नये.

सर्वच बोर्डांवर ही सोय नसते, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. इंटेलच्या एच-६१, एच-८१, एच-११०, एच-३१० या स्वस्त मालिकेतील बोर्डांवर ती नाही, आणि आपल्याकडे अनेक दुकानांत हेच बोर्ड चालतात. मोठ्या कंपन्यांतून निघालेले जुने संगणक बाजारात येतात, त्यांतील क्यू-६७, क्यू-७७, क्यू-८७ या बोर्डांवर ती असते, मात्र त्यांची पेटी लहान असेल तर दुसरी डिस्क ठेवायला जागाच नसते. एएमडीच्या ए-३२० सारख्या साध्या बोर्डावरही शून्य, एक आणि दहा हे प्रकार मिळतात. उलट काही कंपन्या एकच डिस्क असलेला संगणकसुद्धा बायोसमध्ये ‘रेड’ लावूनच विकतात. तेव्हा पडद्यावर ‘रेड’ हा शब्द दिसला म्हणजे आरसा आहे असा अर्थ होत नाही. पेटी उघडून डिस्क मोजाव्यात.

बायोसमध्ये डिस्क चालवण्याच्या दोन पद्धती दिसतात, एक ‘एएचसीआय’ आणि दुसरी ‘रेड’. विंडोज आधीच घातलेले असेल आणि कोणी तयारी न करता ही कळ बदलली तर विंडोज बहुधा सुरूच होत नाही. म्हणून आरसा करायचा तो नवीन संगणक जोडताना, विंडोज घालण्यापूर्वी. चालू संगणकात करायचा असेल तर आधी सर्व डेटा बाहेर काढून घ्यावा, कारण आरसा बांधताना दुसऱ्या डिस्कवरील जे असेल ते पुसले जाते, आणि घाईत कोणती डिस्क कोणाची नक्कल करणार हे उलटे निवडले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते.

आता एक बारीक गोष्ट, जी आपल्या बाजारात फार महत्त्वाची आहे. बायोसमधील ही निवड लक्षात ठेवायला बोर्डावर नाण्याएवढी बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. संगणकाला मागून वीज मिळत असते तोवर ती बॅटरी खर्ची पडत नाही. परंतु आपण शॉर्ट सर्किटच्या भीतीने रात्री दुकानाचा मेन स्विच बंद करतो, आणि ते योग्यच आहे. मग ती बिचारी रोज रात्रभर आणि सुटीत दिवसभर एकटी झिजते. ती संपली की बायोस सगळे विसरतो, आणि कित्येक बोर्डांवर निवड ‘रेड’वरून परत ‘एएचसीआय’वर जाते. सकाळी संगणक सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन दोन डिस्क वेगवेगळ्या दिसतात. अशा वेळी घाबरून कोणाला ‘फॉरमॅट मार’ म्हणू नये. डेटा जागेवरच असतो. परंतु तशाच स्थितीत बिले फाडत बसू नये. दोन दिवसांच्या नोंदी एकाच डिस्कवर जातील, दुसरी मागे राहील, आणि नंतर आरसा पुन्हा जोडला की खरी कोणती आणि शिळी कोणती याचा घोळ होईल. संगणक बंद करावा, बॅटरी बदलावी, बायोसमध्ये ‘रेड’ लावावे. तारीख चुकीची दिसू लागली, घड्याळ मागे पडू लागले, ही बॅटरी संपत आल्याची खूण आहे. दोन-तीन वर्षांनी ती बदलून घ्यावी, चहापाण्याच्या खर्चात काम होते.

बोर्डच जळला तर काय? इंटेलच्या बोर्डावर बांधलेला आरसा सहसा दुसऱ्या इंटेल रेडच्या बोर्डावर ओळखला जातो, एएमडीच्या बोर्डावर नाही. सुदैवाने इंटेल आपली खूण डिस्कच्या शेवटी लिहिते, त्यामुळे आरशातील कोणतीही एक डिस्क काढून साध्या संगणकाला जोडली तरी आतील फाइली बहुधा वाचता येतात. ‘शून्य’मध्ये ही सवलत नाही.

ज्यांच्या बोर्डावर रेड नाही त्यांनी केवळ तेवढ्यासाठी बोर्ड बदलू नये. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्येच ‘स्टोरेज स्पेसेस’ नावाची सोय आहे. तिने दोन डिस्कचा आरसा करता येतो, आणि तो बोर्डाच्या जातीवर अवलंबून नसतो. मात्र विंडोज ज्या डिस्कवर आहे तिचा आरसा याने होत नाही. हिशोब व फाइली ठेवण्यासाठी दोन वेगळ्या डिस्क लागतात.

आरशाला काय कळत नाही

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पावती पुस्तकात वर १,५०० ऐवजी १५,००० लिहिले तर खाली कार्बनवर काय उमटते? १५,०००च. आरसा बरोबर-चूक जाणत नाही. नोकराने चुकून कंपनीचे खाते पुसले, दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसले गेले. व्हायरस शिरला, दोन्हीकडे शिरला. चोराने पेटी उचलली, दोन्ही डिस्क एकत्र गेल्या. आरसा फक्त एकाच संकटातून वाचवतो, एक डिस्क आपोआप मेली तर. त्यातही त्याचे खरे काम हिशोब वाचवणे हे नसून दुकान चालू ठेवणे हे आहे. ईदच्या आदल्या रात्री किंवा चतुर्थीच्या गर्दीत, काउंटरवर दहा गिऱ्हाइके उभी असताना डिस्क मेली तरी बिल फाटत राहते, हा त्याचा फायदा. ज्याच्या दुकानात दोन तास संगणक बंद राहिला तर काही बिघडत नाही, त्याने आरशावर खर्च केला नाही तरी चालेल.

ही गोष्ट जगातील फार मोठ्या कंपनीला फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली आणि त्याची झळ आपल्या न्हावा-शेवा बंदरापर्यंत पोहोचली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस पसरला. तो पसरला कशातून, तर युक्रेनमधील एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि न्हावा-शेवा येथील तिच्या गटाच्या टर्मिनलचेही काम अडले. मर्स्ककडे जगभर सुमारे १५० असे सर्व्हर होते, ज्यांवर कोणत्या कर्मचाऱ्याला काय उघडण्याची मुभा आहे याची नोंद असे. हे सर्व्हर एकमेकांची नक्कल सतत घेत असत. एक पडला तर दुसऱ्यावरून उभा करता येईल, हा विचार. सगळेच एका वेळी पडतील, हा विचार कोणी केला नव्हता. व्हायरसने ते एका फटक्यात पुसले. वाचला तो एकच, आफ्रिकेतील घाना देशातील. आणि तो का वाचला? कारण व्हायरस आला तेव्हा तिथे वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद पडलेला होता! त्या सर्व्हरची डिस्क मग माणसाच्या हाती घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्याकडे सोपवली गेली आणि तिथून विमानाने लंडनला नेली गेली. कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले. तिचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. दीडशे आरशांनी जे केले नाही ते एका बंद पडलेल्या, तारेपासून सुटलेल्या डिस्कने केले.

दुसरे उदाहरण आपल्याच कोकणातील. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानांत पुरुषभर पाणी चढले. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनी माल वरच्या फळीवर ठेवला होता, पाणी त्याहून वर गेले. अशा पाण्यात पेटीत एक डिस्क असली काय आणि दोन असल्या काय? कुडाळला भंगसाळ नदी पावसाळ्यात किती चढते हे आपण पाहतोच. त्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यास तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, खांब आडवे झाले, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. मे आणि ऑक्टोबरमध्ये ढगफुटीसारख्या विजा कडाडतात, आणि आपल्या जांभ्याच्या कातळात अर्थिंग नीट लागत नाही. विजेचा झटका तारेतून आला तर तो दोन्ही डिस्कना एकाच वेळी मारतो, कारण दोन्ही एकाच पॉवर सप्लायवर असतात.

वीज अचानक जाण्याचा आणखी एक त्रास आरशाला आहे. एका डिस्कवर अक्षर लिहून झाले, दुसरीवर लिहायचे राहिले आणि वीज गेली. पुन्हा सुरू झाल्यावर संगणक दोन्ही डिस्क पहिल्यापासून पडताळत बसतो आणि तोवर काम मंद चालते. महाग कार्डावर असते ती बॅटरी मदरबोर्डावर नसते. सबब यूपीएस नसेल तर आरसा करण्यापूर्वी यूपीएस घ्यावा. त्यातून हिशोबाला अधिक फायदा होईल.

आरशाचा सर्वांत वाईट अवगुण म्हणजे तो गुपचूप अर्धा होतो. ओळखीच्या एका दुकानातील प्रकार सांगतो. दोन डिस्कचा आरसा होता. त्यातील एक गेली. संगणक चालूच राहिला, त्यासाठीच तो केला होता. सुरू होताना पडद्यावर काही क्षण एक लाल ओळ दिसे, काउंटरवरचा मुलगा एंटर दाबून पुढे जाई. कित्येक महिने असेच गेले. मग दुसरी गेली, तेव्हा मालकाला कळले की आपण इतके दिवस एकाच डिस्कवर होतो. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या असल्या की त्या म्हाताऱ्याही बरोबरच होतात. शक्य असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या किंवा निदान वेगळ्या महिन्यांत घेतलेल्या डिस्क लावाव्यात.

म्हणून महिन्यातून एकदा स्वतः पाहावे. इंटेलच्या बोर्डावर सुरू होताना किंवा विंडोजमधील रॅपिड स्टोरेज या प्रोग्राममध्ये स्थिती लिहिलेली असते. ‘नॉर्मल’ असेल तर ठीक. ‘डिग्रेडेड’ असेल तर एक डिस्क गेली आहे आणि नवी लावण्याआधी सर्वांत पहिले काम म्हणजे हिशोब बाहेर काढून घेणे. ‘रिबिल्ड’ असेल तर नव्या डिस्कवर नक्कल चालू आहे, एक टीबीला तीन तास सहज लागतात, तोवर मेन स्विचला हात लावू नये. दोन्ही डिस्कच्या लेबलवरील नंबराचे शेवटचे चार आकडे कागदावर लिहून पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावेत. मेलेली डिस्क काढायला गेलेला माणूस जिवंत डिस्क काढून नेतो, हे ऐकण्यात नेहमी येते.

मग नक्कल कोणती?

नक्कल ती, जी संगणकापासून सुटलेली आहे, दुसऱ्या जागी आहे आणि कालची आहे. कालची असण्यातच तिचे मोल आहे, कारण आजची चूक तिच्यात उमटलेली नसते. छोट्या दुकानाच्या टॅलीचा डेटा फारसा मोठा नसतो, पेन ड्राइव्हवर मावतो. दोन पेन ड्राइव्ह किंवा बाहेरून लावायच्या दोन लहान डिस्क घ्याव्यात. टॅलीमध्ये बॅकअपची सोय आहेच. आज एकीवर घ्यावा, उद्या दुसरीवर, आणि जी लावलेली नाही ती घरी असावी. दोन्ही कधीही एकाच वेळी संगणकाला लावू नयेत. प्रत्येक वेळी जुन्या बॅकअपवर नवा न उमटवता तारखेच्या नावाने वेगळा कप्पा करावा. महिन्याच्या अखेरीचा एक बॅकअप मुंबईस किंवा कोल्हापुरास असलेल्या भावाकडे, मुलाकडे पाठवून द्यावा. इंटरनेट बरे चालत असेल तर गुगल ड्राइव्हवर १५ जीबीपर्यंत फुकट जागा मिळते, तिथे पासवर्ड लावून ठेवावा. तो पासवर्ड घरातील आणखी एका माणसाला माहीत असावा. पावसाळ्यात घरची डिस्क हवाबंद डब्यात, औषधाच्या बाटलीत येते तसली ओल शोषणारी पुडी टाकून ठेवावी. आपल्याकडे सदऱ्याला बुरशी येते, मग डिस्कच्या तारांची काय कथा.

आणि बॅकअप घेतला म्हणजे झाले असे नाही. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावा. शेवटचे बिल दिसते का, चार-दोन उधारीची खाती जुळतात का, एवढे पाहिले तरी पुरे.

एक शेवटची बाब, ज्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. आरशातील एखादी डिस्क कुरकुरू लागली म्हणून काढली, ती वॉरंटीत परत पाठवली किंवा भंगारात दिली. वर सांगितल्याप्रमाणे आरशातील प्रत्येक डिस्कवर पूर्ण हिशोब असतो, आणि ती दुसऱ्या कोणत्याही संगणकावर वाचता येऊ शकते. कोणाची किती उधारी, कोणत्या पेढीकडून कोणत्या भावाने माल येतो, गिऱ्हाइकांचे फोन नंबर, सगळे त्यात आहे. डिस्क अजून फिरत असेल तर ती देण्यापूर्वी संपूर्ण पुसून घ्यावी, नुसते डिलीट करून भागत नाही. फिरतच नसेल तर वॉरंटीचा मोह सोडून तिच्या आरपार ड्रिल मशीनने दोन-तीन भोके पाडावीत आणि मग भंगारवाल्याला द्यावी.